'पहिली' म्हणजे नक्की कुठली पहिली? ओन्स जाबेरची कारकीर्द आणि आपल्या आराखड्यातलं एक वाक्य

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की एक वाक्य हातून आपोआप लिहिलं जातं : "या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही." मीही लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी त्यातल्या 'यापूर्वी' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "कशाच्या पूर्वी? कुठे? कोणत्या भाषेत?" या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यात पुढचे काही आठवडे गेले. वाक्य शेवटी राहिलं, पण चौपट लांब होऊन. आणि त्या लांबीत माझा खरा विषय सापडला.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा आराखडा लिहिताय. म्हणून आज 'पहिला', 'प्रथमच', 'आजवर कोणीही नाही' या शब्दांबद्दल बोलू. उदाहरण मात्र आपल्या विद्यापीठांतलं घेत नाही, टेनिसमधलं घेते. कारण साधं आहे. टेनिसमध्ये प्रत्येक गोष्टीची तारीख असते, गुण असतात, समोर कोण होतं हे लिहिलेलं असतं. त्यामुळे दावा कुठे टिकतो आणि कुठे गळतो, ते स्वच्छ दिसतं.

उदाहरण आहे ट्युनिशियाच्या ओन्स जाबेरचं. तिच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत 'पहिली' हा शब्द भेटतोच. पहिली अरब महिला, पहिली आफ्रिकी महिला, पहिली अमुक, पहिली तमुक. तिचं कौतुक कमी करायचा माझा अजिबात हेतू नाही. तक्रार आहे ती तिच्यावर लिहिणाऱ्यांबद्दल.

आधी कारकीर्द, थोडक्यात

जन्म १९९४ चा, क्सार हेलाल इथला. वाढली सूस या किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या शहरात. आईमुळे तिसऱ्या वर्षी हातात रॅकेट आली. सरावाला क्लबची कोर्ट नव्हती, म्हणून आसपासच्या हॉटेलांच्या कोर्टवर खेळायचं. बाराव्या वर्षी घर सोडून राजधानी ट्युनिसमधल्या सरकारी क्रीडा विद्यालयात गेली. २०१० मध्ये फ्रेंच ओपनच्या मुलींच्या गटात अंतिम फेरीत हरली, २०११ मध्ये तीच स्पर्धा जिंकली.

मग मोठी शांतता. महिलांच्या मुख्य दौऱ्यावरचं, म्हणजे डब्ल्यूटीएचं, पहिलं विजेतेपद आलं ते थेट २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या दहात आली. २०२२ मध्ये माद्रिद आणि बर्लिन जिंकलं, जूनच्या अखेरीस क्रमवारीत दुसरी झाली, आणि मग विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन अशा लागोपाठ दोन ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचली. २०२३ मध्ये पुन्हा विम्बल्डनची अंतिम फेरी. तिन्ही वेळा उपविजेती. त्यानंतर दुखापती आल्या. गुडघ्यामुळे २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक हुकलं. जुलै २०२५ मध्ये तिने खेळातून विश्रांती घेत असल्याचं जाहीर केलं.

आता या कारकिर्दीवर चिकटवलेली लेबलं एकेक करून काढून बघू.

तीन दावे, तीन वेगळ्या जाती

पहिला दावा : 'ग्रँड स्लॅम एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली अरब खेळाडू.' हा दावा पक्का आहे. नुसती महिला नाही, पुरुषांतही तिच्याआधी कोणी नाही. इजिप्तचा इस्माईल अल् शफेई, मोरोक्कोचे हिशाम अराझी आणि युनूस अल् अयनाउई हे सगळे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत येऊन थांबले होते. इथे 'पहिली' या शब्दाला कसलीही कुबडी लागत नाही.

तरी एक नाव बघून ठेवा : यारोस्लाव ड्रॉब्नी. १९५४ चं विम्बल्डन त्याने जिंकलं आणि तेव्हा तो इजिप्तकडून खेळत होता. जन्म प्रागचा. देश सोडून निघाल्यावर त्याला इजिप्तने नागरिकत्व दिलं होतं. म्हणजे दावा 'अरब देशाकडून खेळणारी पहिली व्यक्ती' असा केलात तर तो पडतो. 'अरब' आणि 'अरब देशाकडून' यांत एकाच शब्दाचा फरक, पण त्या फरकात एक विम्बल्डन विजेता बसतो.

दुसरा दावा : 'ग्रँड स्लॅम एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली आफ्रिकी महिला.' हे वाक्य तुम्ही नक्की वाचलं असेल. आणि एवढंच लिहिलं तर ते चूक आहे. दक्षिण आफ्रिकेची आयरीन पीकॉक १९२७ मध्ये फ्रेंच स्पर्धेची अंतिम फेरी खेळली. रेने शूरमन १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेची. सँड्रा रेनॉल्ड्स १९६० मध्ये चक्क विम्बल्डनची, मारिया ब्युनोविरुद्ध. जाबेरच्या बासष्ट वर्षं आधी, त्याच सेंटर कोर्टवर.

वाक्य बरोबर करायचं तर त्यात 'खुल्या युगात' हे दोन शब्द घालावे लागतात. १९६८ पासून ग्रँड स्लॅम स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या, तेव्हापासूनचं ते खुलं युग. काळजीपूर्वक लिहिणारे हे शब्द घालतात. पण बातमी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सगळ्यात आधी गळतात ते नेमके हेच शब्द. तुमच्या संदर्भांचंही असंच होतं बरं. मूळ लेखकाने 'या नमुन्यापुरतं' असं लिहिलेलं असतं, तिसऱ्या प्रबंधापर्यंत पोहोचता पोहोचता ते सार्वत्रिक सत्य होऊन बसतं. म्हणून मूळ लेख उघडून बघायचा कंटाळा करू नका.

तिसरा दावा सगळ्यात मजेशीर : 'डब्ल्यूटीए १००० दर्जाची स्पर्धा जिंकणारी पहिली आफ्रिकी महिला', म्हणजे माद्रिद २०२२. अक्षरशः खरा. पण 'डब्ल्यूटीए १०००' हे नावच २०२१ पासूनचं आहे! त्याआधी वेगळी नावं होती, आणि २००८ पर्यंत ग्रँड स्लॅमखालच्या सर्वोच्च दर्जाच्या दौरा-स्पर्धांना 'टियर वन' म्हणत. दक्षिण आफ्रिकेच्या अमांडा कोएत्झरने १९९८ मध्ये हिल्टन हेडची स्पर्धा जिंकली, ती टियर वनच होती. म्हणजे दर्जा साधारण तोच, पाटी वेगळी. पाटी बदलली की जुना विजय यादीतून गायब.

आणि गंमत अशी की हिल्टन हेडची ती स्पर्धा पुढे चार्ल्स्टनला हलवली गेली. तिचा दर्जा आता एक पायरी खाली, ५०० चा. ही चार्ल्स्टनची स्पर्धा २०२३ मध्ये कोणी जिंकली? ओन्स जाबेरने. आदल्या वर्षी तिथेच अंतिम फेरीत जिच्याकडून हरली होती, त्या बेलिंडा बेन्चिचलाच हरवून. पंचवीस वर्षांच्या अंतराने आफ्रिका खंडाच्या दोन टोकांच्या दोन बायकांनी एकच स्पर्धा जिंकली. मला विचाराल तर माद्रिदच्या 'पहिली'पेक्षा हे नातं कितीतरी जास्त सांगून जातं. पण ते दिसायचं तर 'पहिली' शोधणं थांबवून 'आधी कोण' हे शोधायला हवं.

आणखी एक गळती राहिलीच. 'एकेरी' हा शब्द. तो काढलात तर सगळंच कोसळतं. रेनॉल्ड्स आणि शूरमन या जोडीने दुहेरीत ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली होती. झिम्बाब्वेची कारा ब्लॅक तर आपल्याकडच्या टेनिसप्रेमींना नवी नाही. लिअँडर पेसबरोबर तिने मिश्र दुहेरीची दोन ग्रँड स्लॅम जिंकली, सानिया मिर्झाबरोबर २०१४ ची डब्ल्यूटीए फायनल्स जिंकली. महिला दुहेरीत विम्बल्डन तीनदा जिंकलं आणि दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत ती पहिली होती. 'एकाही आफ्रिकी महिलेने ग्रँड स्लॅम जिंकलेलं नाही' असं कोणी म्हणालं, तर हसून कारा ब्लॅकचं नाव घ्या.

मग जाबेरचं मोल कमी झालं का?

इथेच अर्धवट चिकित्सा करणारा थांबतो. 'दावा खोटा निघाला' म्हणून खूश होतो आणि पुस्तक मिटतो. तुम्ही थांबू नका.

पुढचा प्रश्न विचारा : तिच्याआधीची ती तीन नावं कुठून आली? तिन्ही दक्षिण आफ्रिकेची आणि तिन्ही गोऱ्या स्त्रियांची. रेनॉल्ड्स विम्बल्डनच्या अंतिम फेरीत खेळली तेव्हा तिच्या देशात वर्णभेद हे सरकारी धोरण होऊन बारा वर्षं झाली होती. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, क्लब वेगळे. देशातल्या बहुसंख्य मुलींना त्या क्लबच्या फाटकातून आत जाता येत नव्हतं. यात रेनॉल्ड्सचा खेळ खोटा ठरत नाही. पण 'आफ्रिकी महिला' या चौकटीत १९६० ची रेनॉल्ड्स आणि २०२२ ची जाबेर शेजारी शेजारी ठेवल्या, की चौकटच बोलायला लागते.

म्हणजे बघा, इथे दोन चुका शक्य आहेत. एक, रेनॉल्ड्सचं नाव न घेता जाबेरला 'पहिली' म्हणणं. ही माहितीची चूक. दुसरी, रेनॉल्ड्सचं नाव घेऊन 'जाबेर काही पहिली नव्हे' म्हणत विषय संपवणं. ही समजुतीची चूक, आणि ती जास्त घातक, कारण तिच्या अंगावर अभ्यासाचा झगा असतो. खरं वाक्य लांब आहे : जाबेरआधी आफ्रिकेतून अंतिम फेरीत आलेल्या महिला एकाच देशातल्या आणि त्या देशाने ज्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं त्याच समाजातल्या होत्या; त्या देशाबाहेरून, उत्तर आफ्रिकेच्या सरकारी क्रीडा शाळेतून, एकेरीत इथवर आलेली ती पहिली. एवढं लिहिल्यावर तिचं मोल वाढतंच.

आणखी एक नाव या 'पहिली'च्या सावलीत हरवतं : सेलिमा स्फार. हीसुद्धा ट्युनिशियाची. अरब महिलांमध्ये पहिल्या शंभरात येणारी पहिली हीच. २००१ मध्ये तिने ७५ वा क्रमांक गाठला होता. जाबेर तेव्हा सात वर्षांची होती. अंतिम फेऱ्यांच्या यादीत स्फार कुठेच नाही, म्हणून तिच्यावर लेख नाहीत. पण सूसमध्ये हॉटेलच्या कोर्टवर खेळणाऱ्या एका मुलीच्या देशात 'आपल्यातली एक पहिल्या शंभरात आहे' ही गोष्ट आधीच घडून गेली होती. 'पहिली' हा शब्द असाच वागतो. तो मागची वाट पुसतो आणि माणूस आकाशातून पडल्यासारखा दाखवतो.

दुसरं लेबल : 'दडपणाखाली कोलमडली'

२०२३ नंतर लिखाणाचा सूर बदलला. 'पहिली' थोडं मागे पडलं आणि 'तिन्ही वेळा हरली' पुढे आलं. त्याला कारणही चिकटवलं गेलं : सगळ्या अरब जगाच्या, अख्ख्या खंडाच्या अपेक्षांचं ओझं तिला झेपलं नाही.

हा कार्यकारणाचा दावा आहे. मग तो तपासायचाही तसाच.

बाजूचा पुरावा आधी. दडपण होतं, हे नाकारता येणार नाही. २०२२ च्या विम्बल्डनच्या वेळी तिच्या फोनच्या पडद्यावर तिथल्या चषकाचा फोटो होता, हे तिनेच सांगितलेलं. मायदेशी लोक तिला 'आनंदमंत्री' म्हणतात. हे प्रेमाचं नाव, पण नाव म्हटलं की जबाबदारी आलीच. २०२३ च्या पराभवानंतर तिने कोर्टवर रडत रडत तो आपल्या कारकिर्दीतला सर्वांत वेदनादायी पराभव असल्याचं सांगितलं.

आता विरुद्ध पुरावा. त्याच २०२३ च्या विम्बल्डनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत समोर होती एलिना रायबाकिना, आदल्या वर्षी अंतिम फेरीत जिने तिला हरवलं होतं तीच. जाबेरने पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावला, पुढचे दोन जिंकले. उपांत्य फेरीत समोर अरिना सबालेंका. पुन्हा पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, पुन्हा पुढचे दोन जिंकले. दडपणाने कोलमडणारी खेळाडू लागोपाठ दोन सामने असे खेचून आणते का?

आणि तीन पराभव एकसारखेही नाहीत. रायबाकिनाविरुद्ध २०२२ मध्ये तिने पहिला सेट ६-३ जिंकला होता, पुढचे दोन २-६, २-६ गेले. अमेरिकन ओपनमध्ये समोर तेव्हाची अव्वल क्रमांकाची इगा श्वियाँतेक होती. पहिला सेट सहज गेला, दुसरा टायब्रेकपर्यंत ताणला. २०२३ मध्ये मार्केटा वोंद्रुसोव्हाविरुद्ध सरळ ४-६, ४-६. वोंद्रुसोव्हा बिगरमानांकित होती म्हणून तो मोठा धक्का मानला गेला. पण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन आणि इंडियन वेल्समध्ये तिने जाबेरला आधीच हरवलेलं होतं. म्हणजे डावखुऱ्या वोंद्रुसोव्हाचा खेळ तिला अवघड जात होता, हे स्पष्टीकरणही तितकंच उभं राहतं. तिचं बळ वेग बदलण्यात, हलक्या हाताने चेंडू जाळ्यालगत टाकण्यात, स्लाइसने समोरच्याची लय मोडण्यात. समोरची स्वतःच लय बदलत खेळणारी असेल तर या हत्याराची धार कमी पडते.

यातलं नेमकं कुठलं स्पष्टीकरण खरं, हे तीन सामन्यांवरून ठरत नाही. तीन हा आकडाच तेवढा नाही. पण 'अपेक्षांचं ओझं' हे स्पष्टीकरण इतकं पटकन का स्वीकारलं गेलं, ते सांगता येतं : पहिल्या लेबलने त्याची जमीन आधीच तयार केली होती. माणसाला एकदा खंडाचा प्रतिनिधी केलं की त्याचा बॅकहँडही खंडाच्या नावाने चुकतो. खेळ बघायची गरजच उरत नाही.

जाता जाता, २०२२ च्या त्या अंतिम सामन्यात जाळ्याच्या पलीकडेही एक 'पहिली' उभी होती. रायबाकिना ही कझाकस्तानची पहिली ग्रँड स्लॅम एकेरी विजेती, जन्माने मॉस्कोची. त्या वर्षी विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता आणि त्यामुळे स्पर्धेला क्रमवारीचे गुणच दिले गेले नाहीत. जाबेरला त्या ऐतिहासिक फेरीचा एकही गुण मिळाला नाही. चौकटी कोण आखतं आणि कधी बदलतं, याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

तिसरा साचा : 'अडथळ्यांवर मात'

हा साचा आपल्याकडेही फार आवडता. अरब देशातली मुलगी, म्हणजे घर आणि समाज आडवा आलाच असणार, असं गृहीत धरून लेख सुरू होतो. पण हातातले तपशील काय सांगतात? रॅकेट आईने दिली. शाळा सरकारची होती. अडचण होती ती कोर्टची, प्रवासाची, पैशांची. आपण कुठल्या देशातून येतो यामुळे प्रायोजक मिळत नाहीत, असं तिने स्वतः बोलून दाखवलं आहे. म्हणजे अडथळा होता तो बराचसा खेळाच्या बाजारात. साचा वापरणारा मात्र तो तिच्या घरात शोधत बसतो.

संशोधनात याला काय म्हणायचं? निष्कर्ष आधी, सामग्री नंतर. मुलाखती घ्यायला गावात जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. समोरची बाई 'एसटी वेळेवर नसते' असं सांगत असेल आणि तुम्ही वहीत 'पितृसत्तेचा दबाव' लिहून घेत असाल, तर तुम्ही तिचं ऐकलेलंच नाही.

मला विचाराल तर जाबेरच्या कारकिर्दीतला खरा संशोधनविषय २०११ ते २०२१ ही दहा वर्षं आहेत. ज्युनिअर विजेती झाल्यापासून पहिलं मोठं विजेतेपद मिळेपर्यंतचा काळ. या काळात ती कशी टिकली, कशावर टिकली, कोण सोबत होतं? या वर्षांवर 'पहिली' हा शिक्का मारता येत नाही, म्हणून ती लेखांत एका ओळीत उरकतात.

आता तुमचा आराखडा उघडा

'प्रथमच', 'यापूर्वी नाही', 'एकमेव' हे शब्द शोधा आणि प्रत्येकापाशी चार गोष्टी करा.

१. चौकट पूर्ण लिहा. कुठल्या काळात, कुठल्या प्रदेशात, कुठल्या भाषेत, कुठल्या पद्धतीने. 'खुल्या युगात' आणि 'एकेरीत' हे शब्द गाळू नका.

२. चौकट एक बोट रुंद करून बघा. लगेच कोण आत येतं? ते नाव तुमच्या आढाव्यात असलंच पाहिजे. तुमची रेनॉल्ड्स कोण, तुमची कोएत्झर कोण?

३. पाटी बदलली आहे का, ते तपासा. तुमचा विषय आज ज्या नावाने ओळखला जातो, त्या नावाने तीस वर्षांपूर्वी कोणी लिहिलं नसेल. जुन्या नावाने नक्की लिहिलं असेल.

४. जागा रिकामी होती, तर का रिकामी होती, ते विचारा. कोणाला सुचलं नाही म्हणून, की कोणाला आत येऊ दिलं नाही म्हणून? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'प्रथमच'पेक्षा चांगला प्रबंध देऊन जातं.

एवढं करूनही 'प्रथमच' टिकला, तर तो ठणकावून लिहा. ग्रँड स्लॅम एकेरीच्या अंतिम फेरीतली पहिली अरब खेळाडू, हे वाक्य टिकलंच ना? तपासून टिकलेलं वाक्य व्हायव्हात कोणी हलवू शकत नाही.

आणि आढाव्यात तुमच्या स्वतःच्या सेलिमा स्फारसाठी एक परिच्छेद ठेवा. ती ७५ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचली असेल. पण तुमच्या वाटेवर आधी चालून गेलेली तीच आहे.